कंदिलाच्या दारी नवरंग

मित्रांनो, चार दिवस मिरवायचे आणि उरलेले वर्ष अंधारात काढायचे, असे नशीब घेऊन आलेला मी एक जुना आकाशकंदील आहे. सिंगापूरला, सेम्बावांगमधल्या एका तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या मागल्या काचेच्या दाराबाहेर मला टांगतात.

मनोहररावांनी मला स्वतःच्या हातांनी घडवले. बांबूच्या कामट्या बांधल्या, खळीने पतंगी कागद चिकटवला. त्यांची लेक अवनी तेव्हा रांगत होती. दिवाळी सरली की माझी रवानगी बॉम्ब शेल्टरमध्ये होई. इथल्या घरांतल्या त्या जाड भिंतींच्या खोलीत लोक अडगळच ठेवतात. जुन्या सुटकेसांमागे पडून माझे कागद विरले, झिरमिळ्या झुरळांनी खाल्ल्या.

यंदा मात्र मनोहररावांना माझी दया आली. त्यांनी नवे कागद आणि नव्या झिरमिळ्या लावल्या आणि पोटात भला मोठा दिवा बसवला. समोरच्या इमारतीतले लोकही वाकून बघू लागले. मी हुरळून गेलो. रात्रभर मला चालूच ठेवले, ते तर मला फारच आवडले.

नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत अभ्यंगस्नान करून मनोहरराव माझ्याखालच्या तुळशीपुढे कारीट फोडायला आले. इथे कुठले कारीट? ते आपले नूडल्सवर पिळतात ते छोटे हिरवे लिंबूच दरवर्षी अंगठ्याखाली चिरडतात. नेमके ते लिंबू घरंगळत कुंडीमागे गेले. चष्मा घरात राहिला होता. कुंडीमागे हिरवे काहीतरी दिसले आणि त्यांनी डावा पाय उचलला.

"बाबा, वेट ला! ते लिंबू नाहीये, इट्स अ बर्ड!" अवनी ओरडली.

एक पक्षी निपचित पडला होता. पाठ हिरवी, पंख निळे, पोटाखाली लाल.

"अगंबाई, हा तर आपल्या कोकणातल्या नवरंगासारखा!" अवनीची आई प्रणिता म्हणाली. "धुकधुकी आहे हो त्याला."

मनोहररावांनी पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला फोन लावला. "हे पाहुणे पक्षी रात्रीचे प्रवास करतात," ते फोन ठेवून म्हणाले. "दिव्याला भुलून काचेवर आपटतात. खोक्यात अंधारात ठेवा, सावरला तर संध्याकाळी सोडा म्हणतात."

तिघांनी काचेच्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दिवसभर खोक्याला कान लावून अवनी बसली. चकलीचा कुरकुराटसुद्धा तिने कुणाला करू दिला नाही. संध्याकाळी आत खुडबुड ऐकू आली. मला लावायची वेळही तीच; मी नुकताच उजळलो होतो, तोच अवनी बटण बंद करायला निघाली.

"सणाच्या दिवशी कंदील बंद? बरं दिसतं का ते?" प्रणिता म्हणाली.

"नाही दिसत. पण तो परत आपटला तर?" अवनी म्हणाली.

प्रणिताने तुळशीपाशी एक पणती ठेवली. "शास्त्रापुरती एवढी पुरे," म्हणत तिनेच माझे बटण बंद केले.

अवनीने झाकण उघडले. तो थोडा वेळ बसून राहिला, मान वळवली आणि माझ्या झिरमिळ्यांना वारा घालत झाडांवरून निघून गेला. माझा जीव भांड्यात पडला.

कंदील बिघडला की काय, म्हणून शेजारच्या चिनी आजींनी कुंपणावरून विचारले, "लँटर्न स्पॉइल आह?"

"नॉट स्पॉइल, आंटी. वी ऑफ इट," अवनी त्यांच्याच ढंगात म्हणाली. "बर्ड गोइंग होम मा."

मित्रांनो, दिवाळीत मला जरूर लावा. उजळण्यातच माझा जन्म आहे. पण निजायला जाताना तेवढे बटण बंद करा. तुम्ही पांघरुणात शिरता, तेव्हा वर आभाळात कुणीतरी अजून वाटेत असते.