माझ्या नावापुढचे ‘होय’

मित्रांनो, मी एक जुना उतार आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचाच, पण माझ्यासारख्याला तेवढे वय पुष्कळ झाले. इंदापूरपासून आत, उसाच्या रस्त्यावर एक शाळा आहे. तिच्या ओट्याला मी टेकलेलो आहे. तुम्ही मला रॅम्प म्हणता. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांना वर्गात जाता यावे म्हणून माझा जन्म झाला, असे कागदावर आहे.

कागदावर मी चोवीस फूट लांब होतो. पण मध्ये झेंड्याचा कट्टा आडवा आला. दत्तोबा गवंड्याने डोके खाजवले आणि मला आठ फुटांत आवरले. लांबी गेली, चढ वाढला. मग तपासणी म्हणून त्याने आपली मोटारसायकल माझ्यावरून भर्रकन ओट्यावर नेली.

“चढली का न्हाय? मग झालं तर!” तो म्हणाला.

बिचाऱ्याच्या मनात खोट नव्हती. चढायचे ते गाडीनेच, एवढेच त्याला ठाऊक.

तेव्हापासून गाड्या चढतच आहेत. बारामतीहून येणाऱ्या शिक्षकांना ओट्यावरची सावली आवडते. एक गाडी तर माझ्या अंगावरच उभी राहून ऑईल गाळते. उरलेल्या जागेत पोषण आहाराची मटकी वाळते. खरे सांगतो, मी कंटाळलो आहे. दरवर्षी सरकारला पाठवायला शाळेची माहिती भरतात. ‘रॅम्प आहे का?’ ‘होय.’ माझा फोटो काढायचा असेल त्या दिवशी तेवढी गाडी बाजूला होते. कौतुक म्हणाल तर एवढेच.

पाचवीतल्या पिंकीच्या पायांत बळ नाही. तिची आई अनिता पहिलीपासून रोज खुर्ची ढकलत तिला माझ्या पायथ्याशी आणते, पाठुंगळी घेते आणि पायऱ्यांनी वर जाते. मग डाळिंबाच्या बागेत कामाला पळते. पिंकी दिवसभर पाणी पीत नाही. लघवीला बाहेर न्यायला कोण येणार? संध्याकाळी तिची भरलेली बाटली माझ्या कडेला ओतली जाते, म्हणून मला माहीत.

यंदा अनिताची कंबर धरली. एका संध्याकाळी लेकीला खाली खुर्चीत ठेवून ती सरांना म्हणाली, “आता न्हाय जमत, सर. पोरगी मोठी झाली. पुढल्या वर्साला घरीच ठिवते.”

मुख्याध्यापक संघपाल सर भले गृहस्थ आहेत. “घरी अभ्यास पाठवू आपण,” असे म्हणून ते मोबाईलवर शाळेची माहिती भरू लागले. मोठ्याने वाचत होते, “पाणी, होय. रॅम्प, होय.”

“न्हाय,” खुर्चीतून पिंकी म्हणाली.

“अगं, हा काय समोर!”

“त्यो गाड्यांचा हाय, सर. माजा न्हाय.”

मित्रांनो, नऊ वर्षांत माझ्याविषयी खरे बोललेली ती पहिलीच. मला लाज वाटली. सरांनाही वाटली असावी, कारण माझ्यावरची गाडी त्यांचीच होती. त्यांनी ती काढली आणि म्हणाले, “चढ बघू.” पिंकीने चाके घट्ट धरली, दात आवळले. तीन फूट आली. मग खुर्ची मागे घसरू लागली, ती सरांनी धावत धरली. ढकलून पाहिली, तर त्यांच्याच्यानेही ती वर जाईना.

सरांनी खुर्ची खाली सपाटीवर आणली. मग त्यांनी मोबाईलवरचे ‘होय’ पुसून ‘नाही’ केले.

दुसऱ्या दिवशी झेंड्याच्या कट्ट्याला वळसा घालून त्यांनी चुन्याच्या फक्कीने चोवीस फुटांची रेघ आखली. काम कधी होईल, कोण जाणे. अशा रेघा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. अनिता अजून कमरेला फडके आवळून लेकीला पाठीवर नेते. परीक्षेपर्यंत नेईन, म्हणते.

तुमच्या निबंधांत माझ्यासारखी आत्मकथा सांगणारे बाकीचे शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. मित्रांनो, मला फोडा. माझ्या तुकड्यांचा भराव घाला आणि पिंकी एकटी, सावकाश वर जाईल असा लांब उतार बांधा. पण लवकर बांधा. तिच्या आईची कंबर फार दिवस थांबणार नाही.