उंच खुंटीचा चमत्कार

गोठ्यात बघ्यांची एवढी गर्दी झाली होती की मेंढ्यांनाच उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांची नजर एका मेंढीच्या जबड्यावर. काल संध्याकाळी तिथे पाण्याच्या पिशवीसारखी सूज लोंबत होती. आज सकाळी जबडा सपाट! सूजउतारे महाराजांनी तिची मान रात्रभर उंच खुंटीला बांधली होती आणि "तोंड आभाळाकडे, पीडा पाताळाकडे" असं पुटपुटले होते. नंतर ते घोरलेही होते. भक्तांनी ते समाधीत जमा केलं.

मेंढपाळाच्या बायकोचे हात मात्र जुळेनात. अशाच सूज उतरवलेल्या दोन मेंढ्या तिने पुरल्या होत्या. आता तिची दुसरी, लाडकी गाभण मेंढीही सुजली होती, आणि महाराजांची अट अशी, की औषधाचा थेंब पोटात गेला तर मंत्र पळून जाईल.

"एवढा भित्रा मंत्र?" तिने दिराला विचारलं.

"वहिनी, जीभ आवरा. सूज गेली ना?"

"संध्याकाळी परत येते, भाऊजी."

"ती तुमची अश्रद्धा येते," महाराज डोळे मिटून म्हणाले. मिटल्यावर त्यांना जास्त दिसायचं.

ती तडक गुरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी गाभण मेंढीची पापणी उलटून पाहिली. आतून पांढरीफटक.

"आज मीही सूज उतरवते," बाई दिराला म्हणाल्या. "उतरली तर सकाळी औषध पाजू द्यायचं. कबूल?"

दीर हसत कबूल झाला. बाईंनी संध्याकाळी मेंढीची मान तशीच उंच बांधली, औषधाचा खोका समोर धरला आणि महाराजांच्याच चालीत आळवलं, "वापरण्यापूर्वी बाटली हलवाऽऽ, मुलांपासून दूर ठेवाऽऽ!"

सकाळी सूज गायब.

"माझा मंत्र शेजारी सांडला," महाराज घाईने म्हणाले.

"तुमचा काय नि माझा काय, काम खुंटीनेच केलं," बाई म्हणाल्या. "हिच्या यकृतात पानासारखे चपटे कृमी बसलेत. ते रक्त पितात, रक्त कमी पडलं की अंगात पाणी पाझरतं. दिवसभर मान खाली घालून चरली की ते जबड्याखाली साठतं. मान वर ठेवली की ओसरतं. आजार तिथल्या तिथेच."

मग त्यांनी मेंढीचं वजन करून जोडऔषध पाजलं: त्यात एक औषध यकृतातल्या चपट्या कृमींवर, दुसरं आतड्यातल्या गोल जंतांवर. पाणथळ कुरण बंद करायला सांगितलं. तिथल्या गोगलगायींमधूनच ही पिलावळ गवतावर येते.

संध्याकाळी चरून आलेल्या दोन्ही मेंढ्या, महाराजांनी बांधलेली आणि बाईंनी बांधलेली, सुजलेल्याच होत्या. "औषधाला मंत्राइतकी घाई नसते," बाई म्हणाल्या, "पण महाराजांची मेंढी का सुजली, ते त्यांना विचारा." सगळे विचारायला वळले तोवर महाराज मान खाली घालून रस्त्याला लागले होते. जबड्याखाली सूज मात्र आली नाही. तिथे लाजसुद्धा साठत नसावी.

पुढे काही आठवड्यांनी गाभण मेंढी व्याली. कोकरू ठणठणीत, आई त्याहून. दिराने हळूच विचारलं, "वहिनी, त्या खोक्यावरच्या ओळी रोज म्हणायच्या का?"

"म्हणायच्या नाहीत, भाऊजी. पाळायच्या."

सूज दिसेनाशी झाली म्हणजे आजार गेला, असं नसतं. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याच्या पायावर ठेवण्याआधी डोकं एकदा वापरून पाहावं. वापरल्याने झिजत नाही.