नारिंगी ओतलेला निळा

लग्न होऊन आल्यापासून थोरली सासऱ्यांच्या हाताखाली नाटकाचे पडदे रंगवत होती. मग घरात धाकटी जाऊ आली. सासऱ्यांनी समुद्रकाठच्या संध्याकाळचा मोठा पडदा सरळ तिच्या हाती दिला आणि थोरलीला सांगितलं, तिला रंग कालवून देत जा. ते थोरलीच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून दोघी सासऱ्यांसमोर गोड आणि त्यांच्या पाठीमागे विस्तव.

नाटकवाले संध्याकाळी पडदा न्यायला येणार होते, त्या सकाळी थोरली रंगकामाच्या खोलीत आधी पोहोचली. आकाशासाठी धाकटीने स्वतःच बादलीभर निळा कालवून ठेवला होता. तो इतका सुरेख जमला होता की थोरलीचा जळफळाट झाला. शेजारी मावळतीसाठी नारिंगीचा डबा होता. मागचापुढचा विचार न करता तिने तो बादलीत पालथा घातला आणि काठीने ढवळला. एकमेकांच्या अगदी उलटे रंग ते. दोघांचंही तेज गेलं आणि बादलीत राखेसारखा करडा उरला.

धाकटी आली. तिने बादलीत पाहिलं, मग थोरलीच्या नारिंगी बोटांकडे. थोरली भांडायला पदर खोचून तयारच होती, पण धाकटीने सरळ बादलीची कडी धरली. बादली ओढत ती पडद्याशी गेली. करड्यात पांढरा मिसळून तिने दूरचे डोंगर आणि ढगाळ आभाळ उभं केलं, दाट करड्याची ओली वाळू केली. डब्याच्या तळाशी राहिलेला नारिंगी खरवडून क्षितिजावर एकच पट्टी ओढली. त्या मलूल रंगाशेजारी पट्टी निखाऱ्यासारखी पेटली.

सासरे बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले. हा करडा कुणी कालवला, त्यांनी विचारलं.

"ताईंनी," धाकटी म्हणाली. "माझ्यावरच्या रागाने."

थोरलीने मान खाली घातली. बोलणी बसतील असं तिला वाटलं होतं. सासरे फक्त म्हणाले, पुढच्या पडद्यालाही हाच रंग लागेल, आणि तो तूच करायचा. बोलणी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी तिने कालवलेला करडा मातकट निघाला. धाकटीने डब्यात डोकावून तो परत तिच्यापुढे सरकवला.

"आज राग कमी पडला वाटतं, ताई."

थोरलीने ओठ आवळले, निळ्याचं झाकण उचकटलं आणि तिच्याकडे न बघता रंग थेंबाथेंबाने ओतायला लागली.