वळख

चंद्राबाईनं शेंगा फोडायला घेतलेलं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि नातीच्या हातातला मोबाईल घेऊन उलटा करून बघितला. मागं कोणी नव्हतं. कोणी असेल असं तिला वाटलंही नव्हतं. पण ज्या वस्तूतून माणूस तोंड न दाखवता बोलतो ती एकदा पालथी घालून बघावी, एवढा व्यवहार चार बुकं न शिकताही तिला कळत होता.

"म्हंजे लिवणाऱ्याचं नावच येत न्हाई?"

"न्हाई. तीच तर गंमत हाय, आज्जे."

गंमत काही दीपमालाच्या तोंडावर दिसत नव्हती. कराडच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीला आलेली ही पोरगी दोन दिवस मोबाईलात बघून गालातल्या गालात हसत होती, आणि आज सकाळपासून तोंडाचा चंबू करून बसली होती. चंद्राबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं उलगडा झाला. मैत्रिणी-मैत्रिणींचं एक ॲप होतं. आपण आपली लिंक टाकायची, आणि ज्याला आपल्याबद्दल जे वाटतं ते त्यानं बिननावानं लिहायचं. आधी कुणी हिच्या डोळ्यांचं कौतुक केलं, कुणी नाचाचं. आज कुणीतरी लिहिलं होतं, 'लय भाव खातीस.' आता ही नक्की कोणती मैत्रीण, या विचारात पोरीनं सकाळचा चहा तसाच निवू दिला होता. ॲपवाला म्हणत होता, दर आठवड्याला पैसे भर, लिहिणारीची थोडी वळख सांगतो. नाव नाही सांगणार. गाव कोणतं, मोबाईल कोणता, एवढंच.

चंद्राबाई त्या ॲपवाल्यावर खूश झाली. माणूस पोचलेला होता. गुपित पुरतं झाकलं तर कोणी विचारत नाही, पुरतं सांगितलं तर कोणी विकत घेत नाही. अर्धं उघडं ठेवलं की उरलेल्या अर्ध्याला गिऱ्हाईक रांग लावतं. आपल्यामागं लोक काय बोलतात हे ऐकायला माणूस मयताच्या घरातसुद्धा कान टवकारून बसतो, तिथं ही तर कॉलेजातली पोरं. तिनं दीपमालाला आणखी एक-दोन निरोप वाचायला लावले. 'तुझ्या वर्गातल्या कुणालातरी तू मनापासून आवडतेस' हा ऐकल्यावर म्हणाली, हे कुण्या मैत्रिणीनं लिहिलेलं नाही, दुकानदारानंच लिहिलंय. बैलबाजारात नाही का, विकणाऱ्याचाच माणूस गिऱ्हाईक होऊन भाव विचारत फिरतो.

दीपमालाचा चेहरा आणखीच उतरला. तोच निरोप तिला सगळ्यांत आवडला होता.

"तुला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तुझी लिंक टाकू का भावकीच्या ग्रूपवर? मग बघू तुझ्याबद्दल काय काय येतंय."

"टाक की. माझ्याबद्दल बोलायची टाप हाय का कुणाची?"

"तोंडावर न्हाई, आज्जे. म्हणून तर असली ॲपं चालत्यात."

हे मात्र चंद्राबाईला लागलं. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि 'टाक' अशी नुसती मान हलवली.

स्वयंपाकघराच्या दारात संयोगिता उभी होती, दीपमालाची आई. तिनं रिकामं घमेलं सासूपुढं ठेवलं, सांडलेली टरफलं हातानं गोळा करून त्यात टाकली आणि आत गेली. बोलणं तिला माहीत नव्हतं. नवरा, म्हणजे चंद्राबाईचा लेक वीरधवल, पलटणीत. तो सुट्टीवर आला की घराला आवाज यायचा, गेला की घरात एकट्या चंद्राबाईचा आवाज उरायचा. लग्न होऊन आल्यापासून सुनेचं एकच उत्तर तिनं ऐकलं होतं, "व्हय आत्ती."

कालही तेच. सुनेचं माहेर जतकडं, पार कर्नाटकाच्या शिवेला. तिथून तिच्या भावाचा फोन आला होता. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, एकापाठोपाठ एक. म्हातारीपाशी बाईमाणूस नाही. ताईला महिनाभर धाडा. फोन चंद्राबाईनंच घेतला होता. ऊसतोडीची टोळी आज येईल की उद्या अशी वाट बघणं चाललं होतं. शेतावर लक्ष, म्हशींच्या धारा, चुलीपुढचं सगळं, म्हणजे संयोगिताच. चंद्राबाईनं सुनेच्या भावाला सांगून टाकलं की दोन दिवस येऊन जाईल. मग सुनेकडं वळून विचारलं, चालंल न्हवं? संयोगिता "व्हय आत्ती" म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली. विषय मिटला होता. निदान चंद्राबाईचा.

जरा वेळानं मोबाईल वाजायला लागला. दीपमाला वाचत होती आणि चंद्राबाई शेंगा फोडत ऐकत होती.

पहिला निरोप आला: 'तुमच्या तोंडाला कुलूप घाला, आणि किल्ली आमच्याकडे द्या.'

"मनुबाई," चंद्राबाई म्हणाली. शेजारच्या मनुबाईनं सारा जन्म दुसऱ्याच्या कपाटाच्या किल्ल्या बघण्यात घालवला होता. कुलपावरून तिला किल्ली आठवणारच.

दुसरा होता: 'सविनय कळविण्यात येते की वहिनींचा आवाज पाटणपर्यंत ऐकू येतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

हा तिचा दीर आप्पासो, सुभेदार होऊन निवृत्त झालेला. सरहद्दीवरून बायकोलासुद्धा हा अशीच पत्रं लिहायचा, आणि ती बिचारी ती गुरुजींकडून वाचून घेऊन लाजायची. चंद्राबाईनं हे सांगितलं आणि दीपमालाचं सकाळपासून रुसलेलं तोंड एकदाचं हसलं.

तिसरा आला: 'आक्का, माझ्या बाळंतपणात तुम्ही रोज डिंकाचे लाडू आणून देत होता. मी विसरले नाही.'

"डिंकाचं नव्हतं, अळिवाचं होतं," चंद्राबाई म्हणाली. "इतकं चुकीचं ध्यानात ठेवणारी भावकीत एकच, रंगूबाई." पण हे म्हणताना तिनं सुपातली फोलपटं उगीचच दोनदा फुंकली.

दीपमालाला नवल वाटलं. जे सांगायला ॲपवाला पैसे मागत होता ते आजी बसल्या जागी फुकट सांगत होती. चंद्राबाईला यात काही विशेष वाटलं नाही. तिच्या तरुणपणी नागपंचमीला बायका फेर धरायच्या आणि गाण्यातून सासू-नणंदांचा उद्धार करायच्या. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. सासवा तिथंच कडेला उभ्या राहून ऐकायच्या, आणि कोणत्या ओळीला कुणाचा आवाज चढला हे मनात ठेवून घरी यायच्या. घरी कोणी अवाक्षर बोलायचं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी जेवताना एखादीच्या भातावर तुपाची धार कधी नव्हे ती मोठी पडायची.

"गाण्याला नाव नसतंय," ती म्हणाली, "पर गळा असतोच की."

आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता. मध्येच तो थोडा वेळ थांबला, आणि परत सुरू झाला.

मग चौथा निरोप आला. तो दीपमालानं आधी स्वतःशी वाचला. म्हणाली, हा शाळेतल्या कुण्या बाईंनी लिहिलेला दिसतो, भाषा बघ कशी धुतल्या तांदळासारखी आहे. आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'आपण सर्वांना तोंडावर खरे सांगता, ही चांगली गोष्ट आहे. सर्वांना ते जमत नाही. काही माणसे मागत नाहीत. मागितले नाही म्हणजे त्यांना नको आहे, असे समजू नये. खीर कितीही गोड केली तरी तिची हुग्...'" ती अडखळली. "'...तिची हुग्गी होत नाही.' हुग्गी म्हंजे काय गं, आज्जे?"

चंद्राबाईच्या चिमटीत शेंग होती. ती तशीच राहिली.

संयोगिताचा या घरातला तो पहिला सण होता. नव्या सुनेनं खपली गव्हाची खीर केली होती. गूळ, खोबरं, खसखस, सगळं जिथल्या तिथं. सगळी भावकी पंगतीला बसलेली. डोक्यावरचा पदर सावरत पोरगी पातेलं घेऊन आली आणि हौसेनं म्हणाली, "हुग्गी वाढू का?" तिच्या माहेराकडं या खिरीला तेच म्हणतात. चंद्राबाई म्हणाली होती, हुग्गी? हे काय पोराला निजवायचं गाणं हाय का गं? सगळी पंगत हसली. आप्पासोला तर ठसका लागला. नवरीही हसली होती, असं चंद्राबाईला वाटलं होतं. त्यानंतर या घरात खीरच होत आली. इतकी खीरच, की तिच्याच पोटच्या पोरीला तो शब्द आज वाचता येत नव्हता.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. तवा तापत असणार. पिठाचा करपट वास ओसरीपर्यंत आला.

"सांग की," दीपमाला म्हणाली. "कोण हाय हे?"

चंद्राबाईनं शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल घमेल्यात.

"न्हाई वळखत."

"तू? तुला वळखलं न्हाई?"

"एवढी मोठी भावकी. सगळ्यांचं गळं काय पाठ हाईत व्हय मला?"

आत थाप पडली. मग दुसरी. हळू पडत होत्या.

थोड्या वेळानं चंद्राबाईनं विचारलं की, याला उलट निरोप धाडता येतो का. दीपमालानं समजावलं, नाही येत. कुणी लिहिलंय तेच माहीत नाही तर धाडणार कुठं? उत्तर लिहून सगळ्यांपुढं टाकायचं, सगळी भावकी वाचंल, ज्याचं त्याला कळंल.

"मग बरंच झालं. लिव." तिनं घसा साफ केला. पाटणपर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायला काहीच हरकत नव्हती, तरी तिनं तो जरासा चढवला. "हुग्गीला गहू खपलीचंच घे. घाई करू नगंस. महिना लागला तर लागू दे."

"आज्जे, जेवणातल्या कुठल्या वस्तूला महिना लागतोय?"

"लिव म्हणलं न्हवं."

दीपमालानं लिहिलं आणि टाकलं. तेवढ्यात पलीकडून मनुबाईनं गडग्यावरून डोकं वर काढलं आणि विचारलं की, आक्का, महिनाभर शिजवायचं असं काय करताय, तवर नासणार नाही का? चंद्राबाई म्हणाली, झाल्यावर वाटी धाडते. तवर तू आमच्या तोंडाचं कुलूप शोध, किल्ली तुझ्यापाशी हायच. मनुबाईचं डोकं गडग्याखाली गेलं ते परत वर आलं नाही.

मग चंद्राबाई नातीकडं वळली. सुट्टी अजून किती आहे ते विचारलं, आणि उद्यापासून म्हशीची धार काढायला शीक म्हणाली. त्या काळ्या म्हशीला अनोळखी हात चालत नाही, तेव्हा आज संध्याकाळीच तिच्या पाठीवरून हात फिरवून ठेव. आणि ऊसतोडीकडं आपण स्वतः बघू. आपला आवाज एरवी फुकटच जातो, जरा शेताच्या कामी येऊ दे.

दीपमालानं आजीकडं बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मोबाईल पालथा करून तिनं जमिनीवर ठेवला आणि आजीच्या सुपातल्या मूठभर शेंगा आपल्यापुढं ओढून घेतल्या.

ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तेव्हा संयोगिता चहा घेऊन आली. कपबशी सासूपुढं ठेवून ती जायला वळली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते.

"आत्ती, ती तांबडी पिशवी कुठं ठिवलीया?"

चंद्राबाईनं वर बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष शेंगांत होतं.

"माळ्यावर हाय. पर ती ऱ्हाऊ दे. वीरधवलची ट्रंक ने. महिन्याचं पिशवीत मावत न्हाई."

"व्हय आत्ती."

ती आत गेली. पाठोपाठ माळ्यावरून लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला. दीपमाला उठून आईला हात द्यायला धावली.

चंद्राबाईनं कप तोंडाला लावला. चहात साखर जास्त पडली होती, चांगली चमचाभर जास्त. एरवी तिनं बशी खाली आपटून तो चहा परत पाठवला असता आणि ते गडग्यापलीकडंही ऐकू गेलं असतं. आज तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि तळाला राहिलेली साखर बोटानं पुसून चाटली.