चाचणीपुरती मृणाली

पेणच्या वधू-वर मंडळात मृणाली कितीतरी वर्षं लोकांची लग्नं जुळवत होती आणि स्वतः बिनलग्नाची होती. मंडळाचे मालक हैबतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हे आवर्जून सांगत, वर हसत. माणूस मनाने वाईट नाही, असं गावात म्हणतात. मी म्हणणार नाही.

यंदा मात्र मंडळातूनच तिला रोह्याचं स्थळ आलं होतं. मुलगा विशाल, कंपनीत शिफ्टला. त्याच्या आईला, चंद्रावतीबाईंना, मृणाली मनापासून पसंत होती. साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची होती.

त्याच सुमारास मंडळाचा जुना सर्व्हर धापा टाकू लागला. हैबतरावांनी नवा आणला आणि सगळ्या मुलामुलींची माहिती त्यावर हलवायला प्रविण नावाच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने पद्धत सांगितली. जुन्यावरून बॅकअप घ्यायचा, नव्यावर ओतायचा, खोटंनाटं भरून नीट चालतंय का बघायचं. मग ती चाचणीची प्रत पुसायची आणि ताजा बॅकअप घेऊन पुन्हा ओतायचा.

खोटंनाटं भरायला कुणाची तरी नोंद हवी होती. हैबतराव म्हणाले, “मृणालीचीच घे. तिची बिघडली तर बोंब मारायला कोण येणार नाय.”

मग दोघांना चेव आला. वैवाहिक स्थितीत ‘घटस्फोटित’ घातलं, बसलं. अपत्यांत ‘दोन’ घातलं, तेही बसलं. शेऱ्यात ‘भांडखोर’ लिहून दोघं पोट धरधरून हसले. बँकेत गेलेली मृणाली परत आली, तिने स्क्रीन वाचली आणि तीही हसली. पगार देणाऱ्यापुढे बाई दुसरं काय करणार? शिवाय हे पुसलं जाणारच होतं.

दसऱ्याला हैबतरावांनी उद्घाटन ठेवलं. पाहुणे जमले, सर्व्हरला हार घातला, नारळ फुटला. चाचणीची प्रत अजून पुसायची राहिलीय, असं प्रविण कानाशी लागून सांगू लागला, तर हैबतराव भडकले. नारळ फोडल्यावर मशीन पुसायचं? लग्नाच्या कामात असला अपशकुन? आहे तेच चालू कर, बॅकअपनंतर आलेल्या नोंदी मृणाली हाताने भरेल. आणि टाळ्यांच्या गजरात त्यांनी बटण दाबलं. ज्यांची बोलणी चालू होती, त्या सगळ्या घरांना समोरच्या स्थळाची ताजी माहिती मोबाइलवर गेली.

मृणालीने धावत जाऊन आपली नोंद दुरुस्त केली. पण रोह्याला जायचं ते गेलं होतं.

थोड्याच वेळात चंद्रावतीबाईंचा फोन आला. मृणालीने चाचणी, बॅकअप, नारळ, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच ते खोटं वाटू लागलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “हैबतरावांना दे गो. चूक हाय असं ते म्हणाले, तर माझं काय म्हणणं नाय.”

तिने फोन पुढे केला. “काका, चूक झाली एवढंच सांगा.”

हैबतरावांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पेढे खाणारे सगळे इकडेच बघत होते, आणि त्यांच्या लेकी त्याच मशीनमध्ये होत्या. हैबतरावांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बाई, आमच्या मंडळात चुकीची नोंद नसते.”

मग फोन तिच्या हातात देऊन त्यांनी तिला पाहुण्यांचा चहा बघायला सांगितलं. ती गेली आणि तिने चहा दिला.