वाढदिवसाची मिसुआ

"आची, दोडके सोलू का मी?" भावजय मेर्सी, नवऱ्यासारखंच थोरल्या नणंदेला 'आची' म्हणत, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नानंतर ती या घरात पहिल्यांदाच आली होती.

"नको गं. तू बस बाहेर, बाबांजवळ."

सोलिंगने मान वर केली नाही. डुकराच्या खिम्यात लसूण-मिरपूड कालवून ती गोळे वळत होती, उकळत्या पाण्यात सोडत होती.

धाकट्या भावाने, वेनने, चिनी नसलेली मुलगी केली, तेव्हा बाबांनी त्याला उंबरा बंद केला. पण पुढे त्यांचा राग निवला. 'बोलाव त्याला,' असं ते सोलिंगला म्हणालेही. तिने बोलावलं नाही. 'यायचं नाही म्हणतो,' असं बाबांना सांगितलं, आणि वेनचा फोन आला की, 'अजून धुमसतायत रे.' स्वतःच्या लग्नाबिग्नाचं बाजूला ठेवून म्हाताऱ्याची दुखणी आपण काढायची आणि लाड परतून येणाऱ्याचे व्हायचे, हे तिला सोसलं नसतं. बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. तिने वेनला निरोप दिला, 'ये. बाबांनी वाढदिवसाला बोलावलंय.'

वेन आत आला. "आची, तूच वळवलंस ना त्यांना?"

तिने तोंड उघडलं. मग दोडक्याच्या फोडींवर शेवयांहून बारीक मिसुआ सोडली.

"वाडगे घे आधी. ही थांबली की सगळा रस्सा पिऊन टाकते."

टेबलाशी वेनची मुलगी आजोबांना चिकटून बसली होती.

"आंगकोंग, तुमचा हात झोपलाय?"

"झोपलाय. आळशी आहे लेकाचा!" बाबा हसले, आणि वेनकडे वळले. "हिचे बोबडे बोल ऐकायचे राहिलेच. माझाच हेका नडला."

"नाही बाबा. मीच मेला ताठ. सरळ येऊन पाय धरायला हवे होते."

दोघे एकमेकांचा दोष आपल्यावर ओढून घेत राहिले. सोलिंग वाडग्यात बघत होती.

बाबांनी डाव्या हाताने चमचा उचलला. रस्सा सांडत त्यांनी आपला एक गोळा तिच्या वाडग्यात टाकला. आजवर कधी टाकला नव्हता.

"खा. हिनं जोडलं बरं का आपल्याला."

सगळे तिच्याकडे बघत होते. सोलिंगने गोळा तोंडात घातला. ती चावत राहिली, चावत राहिली.

"चटका बसला का, आची?" मेर्सीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

सोलिंगने मान हलवून हो म्हटलं.