एडेलमिराचं विरजण

एडेलमिरा गेली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. आता मळ्यांवर हॉप्सची, बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, तोडणी सुरू झाली, तरी तिच्या नवऱ्याच्या, रोसेंदोच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. आमच्या एल बोल्सोन गावात माणूस रडला तरी लोक बोलतात आणि नाही रडला तरी बोलतात. जन्मभर लाकूड कापायच्या गिरणीत राबला, काळजाचाही ओंडका झाला, असं बोलले.

बोलोत बापडे. खरं म्हणजे रोसेंदोला काही वाटतच नव्हतं. दुःख नाही, राग नाही, काही नाही. दात काढण्याआधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही ना, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. सकाळी उठायचा, किटली ठेवायचा, वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, भरायचा आणि नळीनं एकटाच ओढत बसायचा. ओढून झालं की भोपळा तिच्या हातात द्यायची सवय जायला वेळ लागला. मग तीही गेली.

शेजारची सुलेमा अधूनमधून जेवण आणून द्यायची. एकदा एम्पानादांचं, सारण भरलेल्या करंज्यांचं, ताट फ्रिजमध्ये ठेवता ठेवता ती मागच्या कोपऱ्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई! हे अजून आहे?"

मुरंब्याची बरणी होती. वर पिवळट पाणी, तळाला मातकट साका.

"काय आहे ते?" रोसेंदोनं विचारलं. "टाकून दे."

"टाकून दे म्हणे! अरे, यीस्ट आहे हे. एडेलमिराचं."

शाळेतली नोकरी संपल्यावर एडेलमिराला घरी बिअर करायचा नाद लागला होता. तो लावला सुलेमानंच. रोसेंदो पडला वाइनवाला. बायकोच्या बिअरचा एक घोट घ्यायचा आणि "घोड्याला पाज" म्हणायचा. ती चिडायची, तो खूश व्हायचा. एवढाच काय तो त्याचा बिअरशी संबंध.

"हे बिअरचं विरजण रे," सुलेमा म्हणाली. "एका खेपेचं तळाशी उरतं, ते पुढच्या खेपेला लावायचं. तिनं दर खेपेला जपून ठेवलं. जिवंत आहे अजून. पण असंच पडून राहिलं तर मरेल."

"जिवंत म्हणजे?"

"जिवंत म्हणजे जिवंत. तुझ्यापेक्षा बरंय म्हण."

सुलेमा गेली. रोसेंदोनं बरणी बाहेर काढून टेबलावर ठेवली. घरात मूल नाही, कुत्रा नाही. तिच्या कुंड्या त्यानं पाणी न घालून केव्हाच वाळवल्या होत्या. म्हणजे तिच्या हातचं, जिवंत असं, एवढंच उरलं होतं. हे त्याला कळलं. पण कळूनही आत काही हललं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. हेही मेलं आणि तेव्हाही आपल्याला काही वाटलं नाही, तर?

दुसऱ्या दिवशी तो सुलेमाच्या दारात उभा राहिला. "बिअर कशी लावतात?"

सुलेमानं आधी त्याला नीट न्याहाळलं, मग अंगणात बसवून सांगितलं. जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, भरडायचं, गरम पाण्यात भिजत ठेवायचं, गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स घालून उकळायचं, मग निववायचं आणि यीस्ट घालून बादली बंद करायची.

"मी आले असते रे, पण तोडणीत मान वर करायला फुरसत नाही. एक लक्षात ठेव. यीस्ट गरमात घालू नकोस हं, जळेल."

"मला शिकवतेस? मातेचं पाणी कधी उकळू दिलंय मी आजवर?"

"मोठा आला शहाणा," सुलेमा म्हणाली आणि मळ्यावर गेली.

रोसेंदोनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. इतकी वर्षं बायकोला हसला, पण गाळताना एक दाणा खाली सांडू दिला नाही. घरभर हॉप्सचा कडसर वास भरला. हा वास तिच्या स्वेटरला यायचा. त्याला तो ओळखू आला आणि तेवढ्यावरच राहिलं.

काढा खाली उतरवला. थर्मामीटर होतं कुठल्याशा खणात, पण ते शोधतो कोण! उकळतं पाणी मातेची पानं जाळतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, आणि नळीनं ओढता येईल इतकं निवलं की पानं जळत नाहीत, हेही. रोसेंदोनं पातेल्यावर कान धरला, वाफेवर तळहात धरला, पळीनं घोट चाखला. माते ओढावी इतपत झालं होतं. त्यानं काढा बादलीत ओतला, बरणी हलवून सगळा साका त्यात घातला आणि झाकण गच्च लावलं.

यीस्ट कामाला लागलं की झाकणातल्या नळीतून बुडबुडे यायला हवे होते. तो बादलीपुढे खुर्ची टाकून बसला. बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गारठा असेल म्हणून त्यानं बादलीला तिची शाल गुंडाळली. तरी नाही.

रविवारी सुलेमा आली. झाकण काढून तिनं वास घेतला आणि नाक मुरडलं.

"घालताना किती गरम होतं?"

"फार नाही. मातेइतकं."

"मातेइतकं?" तिनं हातातलं झाकण आपटलं. "अरे देवा. अरे, अंगाला कोमटसुद्धा लागता कामा नये! मेलं रे ते. घातल्या क्षणी मेलं."

"हं," रोसेंदो म्हणाला.

त्यानं बादलीवरची शाल सोडून तिची घडी केली. मग सपाट आवाजात म्हणाला, "तिचं एवढंच उरलं होतं. तेही मी मारलं. आणि बघ, मला अजून काही वाटत नाहीये."

त्याचं ते तोंड सुलेमाला बघवेना.

"शपथ घातली होती तिनं," ती म्हणाली. "पण आता काय! रोसेंदो, ते तिचं नव्हतंच. माझं होतं."

"काय?"

"तिचं तिनं मागच्या हिवाळ्यातच मारलं. अस्संच, तुझ्यासारखंच. मातेइतकं निवलं म्हणे! मास्तरीण ना, थर्मामीटर कशाला लागतंय? एप्रनवरच आली माझ्या दारात, हातात रिकामी बरणी, रडून रडून नाक लाल. म्हणाली, सुलेमा, तुझ्यातलं थोडं दे आणि मेलीस तरी रोसेंदोला सांगू नकोस. जन्मभर चिडवेल."

 रोसेंदोच्या पोटातून काहीतरी फुटलं. ते हसू होतं.

"चिडवलं असतं," तो म्हणाला. "आईशप्पथ चिडवलं असतं! आणि माझ्यासमोर काय तोरा! माझं विरजण, माझं विरजण..."

हसता हसता त्यानं टेबलाची कड धरली. हसण्याचं रडणं कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. गिरणीतल्या करवतीसारखा आवाज निघत होता. सुलेमानं त्याला थांबवलं नाही.

खूप वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"आणखी काय लपवलं गं तिनं माझ्यापासून?"

"जाऊ दे आता."

"जाऊ दे काय? सांग. बारीकसारीक असेल तेही सांग. मला वाटत होतं, तिचं नवीन असं आता काही उरलंच नाही."

सुलेमानं बादलीवर झाकण ठेवलं, खुर्ची ओढून घेतली आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करू लागली.